म-प-ग-ध: जपानी गाण्यांत आणि इंग्लिश पॉपमध्ये सापडणारे तेच चार कॉर्ड

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की कीबोर्ड शिकून दोन वर्षं झाली, अॅनिमेची गाणी वाजवतोस, त्यात एफ, जी, ई मायनर, ए मायनर हे चार कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार सूर) ह्याच क्रमाने सारखे भेटतायत, मग गंमत म्हणून इंग्लिश गायक रिक अॅस्टलीचं 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप' काढायला घेतलंस तर कोरसमध्ये पट्टी वेगळी पण क्रम पुन्हा तोच. मग हे कोणी कोणाचं ढापलं, आणि ऐकताना एकाच वेळी भारी पण वाटतं आणि उदास पण वाटतं ते का. आणि तिसरं, तू हेच कॉर्ड स्वतःच्या मराठी गाण्याला लावलेस तर तुझे गाण्याचे सर म्हणाले "अरे गाणं घरी येतच नाहीये."

तर सर बरोबर बोलले. फक्त त्यांनी जो दोष म्हणून सांगितला तोच ह्या कॉर्डांचा मुख्य धंदा आहे, गाणं घरी येऊ द्यायचं नाही. बाकी सगळं उत्तर ह्याच्याभोवतीच फिरतं.

वयाने माझ्या मुलाएवढा वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी पंचवीसेक वर्षं वाजवतोय, आधी ऑर्केस्ट्रात, गणपतीचे दहा दिवस आणि मग लग्नसराई, आणि नंतर अरेंजिंगकडे, म्हणजे गाण्याला वाद्यांची साथ बांधण्याकडे, वळलो, त्यामुळे खाली जे आहे ते बरंचसं हाताने वाजवून आणि चुका करून कळलेलं आहे.

पहिलं म्हणजे ती इंग्रजी अक्षरं बाजूला ठेव. एफ-जी-ईमायनर-एमायनर हे फक्त पांढरी एकला (म्हणजे सी हा सा धरला तर) खरं आहे. सा पांढरी एक धरलास तर ह्या चार कॉर्डांचे मूळ सूर कुठले? म, प, ग, ध. बास, एवढंच पाठ कर, मपगध. आता पट्टी कुठलीही घे. अॅस्टलीचं गाणं काळी एकला आहे, तिथे जी फ्लॅट, ए फ्लॅट, एफ मायनर, बी फ्लॅट मायनर असं काहीतरी भीतीदायक लिहिलेलं सापडेल पण काळी एकचा सा धरून मोज, मपगधच निघतं. चिनी पोरं पण हेच करतात, फक्त सारेगमऐवजी आकडे वापरतात, १ म्हणजे सा आणि ७ म्हणजे नी, त्यामुळे ते ह्याला सरळ ४५३६ म्हणतात. त्यांच्याकडे ते आकड्यांचं नोटेशन शाळेतल्या पोरापासून सगळे वापरतात, जिएनपू म्हणतात त्याला. असलं आकड्यांचं नोटेशन १७४२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे रुसोने मांडलं होतं, हो तोच, इतिहासाच्या पुस्तकातला फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यातला रुसो. युरोपातल्या वादकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही आणि आज सगळ्यात जास्त चालतं ते चीनमध्ये, असो.

जपानमध्ये ह्या क्रमाचं नाव 'ओदो शिंको'. ओदो म्हणजे राजमार्ग, पण बोलताना ते लोक ओदो म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात राजा नसतो, मळलेली वाट असते, हमखास चालणारी, हिरो शेवटी जिंकतो टाईपची. शिंको म्हणजे प्रोग्रेशन. ते लोक सहसा साधे तीन सुरांचे कॉर्ड वाजवत नाहीत, सेव्हन्थ लावतात, वर चौथा एक सूर वाढवतात, म्हणजे एफ मेजर सेव्हन, जी सेव्हन, ई मायनर सेव्हन आणि ए मायनर. हे सेव्हन्थ नुसती सजावट नाहीयेत, पुढे कळेल.

आता घरी न येण्याचा प्रकार काय आहे ते बघू. घर म्हणजे सा, आणि चार कॉर्डांमध्ये सा चा कॉर्ड, म्हणजे सी मेजर, कुठेच नाहीये. सुरुवात म पासून, म्हणजे आधीच घराबाहेर. मग प. आता प च्या कॉर्डमध्ये नी असतो आणि नी ला सा वर टेकायची किती घाई असते हे तुला रागात पण माहितीये, कुठल्याही बंदिशीत नी वर थांबून बघ, ऐकणारा अस्वस्थ होतो. त्यामुळे प चा कॉर्ड वाजला की कान म्हणतो, चला आला सा. आणि इथे येतो ग, म्हणजे ई मायनर. त्यात सूर कुठले, ग प नी. सा च्या कॉर्डमध्ये कुठले, सा ग प. तीनातले दोन तेच! फक्त सा च्या जागी नी आहे, आणि तो नी आधीच्या प च्या कॉर्डमधून तसाच उचलून आणलेला आहे, हललाच नाहीये. ज्याला सा वर जायचं होतं तो जागेवरच थांबला. म्हणजे माणूस दारापर्यंत आला, आतला उजेड दिसला, कुकरची शिट्टी ऐकू आली आणि चप्पल काढायच्या आधी वळला.

आणि मग ग वरून ध. हे बारकाईने बघ. प वरून खालच्या सा ला उतरायला जेवढं अंतर तेवढंच अंतर ग वरून खालच्या ध ला. म्हणजे 'आलो, टेकलो' ही जी भावना प-सा मध्ये असते ती कानाला इथे मिळते, पूर्ण मिळते, फक्त पत्ता चुकतो. टेकलो ते शेजारच्या घरी, मायनरच्या (मेजर कॉर्ड उजळ वाटतो, मायनर उदास). आणि तिथे जरा बसतोय तोवर परत म. ध च्या कॉर्डमध्ये ध सा ग, म च्या कॉर्डमध्ये म ध सा, दोन सूर सारखे, त्यामुळे सांधा कळत पण नाही आणि चक्र परत सुरू. हे रात्रभर चालवलं तरी चालतं.

आता सेव्हन्थचं. डाव्या हाताने फक्त म, प, ग, ध असे एकेक सूर दे. उजव्या हाताने म च्या वेळी ए मायनर वाजव (ध सा ग), प च्या वेळी जी (प नी रे), ग च्या वेळी पण तोच जी, हात उचलायचाच नाही, आणि ध च्या वेळी सी मेजर (सा ग प). झालं तुझं जपानी व्हर्जन तयार, एफ मेजर सेव्हन, जी, ई मायनर सेव्हन, ए मायनर सेव्हन. उजव्या हाताला फक्त तीन सोपे कॉर्ड. प च्या वेळी जी सेव्हन हवा असेल तर उजव्या हातात एक म वाढव. आता ऐक काय होतं ते, शेवटच्या कॉर्डला उजव्या हातात चक्क सा चं घर वाजतंय, सी मेजर, सबंध, पण डावा हात खाली ध देतोय म्हणून ते घर उदास ऐकू येतं. आणि पहिल्या म ला उलटं, उजव्या हातात उदास ए मायनर आहे पण खाली म असल्यामुळे तो उजळ वाटतो. आनंद आणि उदासी ह्यात एकापाठोपाठ एक येतच नाहीत रे, दोन्ही एकाच कॉर्डमध्ये एकावर एक रचलेले आहेत. 'भारी पण वाटतं आणि उदास पण' हे तू जे लिहिलंयस त्याचं कारण माझ्यामते हे. जपानी भाषेत ह्या भावनेला 'सेत्सुनाई' असा एक शब्दच आहे, गाण्यांबद्दल बोलताना सारखा येतो. आपल्याकडे हुरहूर म्हणतो ना, तेच, संध्याकाळची.

मुलांना शिकवताना मी एक प्रयोग करायला लावतो. वरचे चार कॉर्ड चालू ठेव आणि आवाजात फक्त एक ग लावून धर, दुसरं काहीच गायचं नाही. सूर एकच, पण पहिल्या कॉर्डवर तो तरंगतो, दुसऱ्यावर थोडा उपरा वाटतो, तिसऱ्यावर एकदम घरचा मालक होतो कारण तो स्वतःच मूळ सूर आहे, आणि चौथ्यावर शांत पंचमासारखा बसतो (ध ला सा मानलं तर ग हा त्याचा पंचमच). आपल्या संगीतात जमीन स्थिर असते आणि सूर चालतो, तंबोरा सा-प देत राहतो आणि गाणारा फिरून येतो. इथे सूर उभा आहे आणि खालची जमीन सरकतेय. हे डोक्यात बसलं की बाकीचं सोपं.

मग पाश्चात्य पॉपमध्ये जे सगळीकडे वाजतं त्यात आणि ह्यात फरक काय? तिकडचा गाजलेला क्रम म्हणजे सा-प-ध-म, सी, जी, ए मायनर, एफ. बीटल्सचं 'लेट इट बी' (१९७०) सुरूच असं होतं, यूटूचं 'विथ ऑर विदाउट यू' (१९८७) जवळजवळ सबंध गाणं ह्याच चारांवर आहे, आणि २०१७ मध्ये 'देस्पासितो' गल्लीगल्लीत वाजत होतं ते पण हेच चार, फक्त ध पासून सुरू केलेले, ध-म-सा-प. ह्या सगळ्यांत सा चा कॉर्ड दर फेरीला एकदा येतोच. घर दर चार बारला (बार म्हणजे तालाचं छोटं आवर्तन) एकदा दिसतं, म्हणून त्या गाण्यांत एक भरवसा असतो, हजारो लोक स्टेडियममध्ये हात वर करून गातात ते ह्या भरवशावर. बघ ना, १९८७ सालातलीच दोन गाणी, यूटूचं आणि अॅस्टलीचं, एक फेरीच्या पहिल्याच बारला घरी आणि दुसरं कोरसला घराबाहेरून सुरू. आणि अॅस्टलीच्या गाण्यातले शब्द काय तर मी तुला कधी सोडणार नाही, आणि खालचे कॉर्ड सारखे सोडून जातायत. हे त्यांनी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही, स्टॉक-एटकन-वॉटरमन हे तिघे लंडनमध्ये हिट गाण्यांचा कारखाना चालवत होते आणि त्यांना नाचताना न थांबणारं चक्र हवं होतं. पण झालंय झकास.

ढापण्याचं विचारलंस त्याचं उत्तर, कोणीच कोणाचं ढापलेलं नाही. ग-ध-रे-प-सा असं पाच-पाच सुरांनी उतरत घरी येणं हे युरोपात बाखच्या काळापासून चालत आलंय, ग-ध हा त्याचाच मधून तोडलेला तुकडा. जपानमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकात जे शहरी पॉप तयार झालं, ज्याला आज सगळे सिटी पॉप म्हणतात, त्या लोकांनी अमेरिकन सोल आणि फ्यूजन भरपूर ऐकलेलं होतं, सेव्हन्थची चटक तिथून लागली. आणि रहदारी तर सारखी चालूच होती, ह्याच लंडनच्या त्रिकूटाचं एक गाणं १९८८ मध्ये विंक नावाच्या दोन मुलींच्या जोडीने जपानीत गायलं आणि ते तिकडे एक नंबरला गेलं. त्यामुळे 'पूर्वेकडचं' आणि 'पश्चिमेकडचं' अशी रेघ मारायला जाऊ नकोस, पुसली जाते.

आणि कायद्याचं म्हणशील तर नुसत्या कॉर्डांच्या क्रमावर मालकी सांगणं फार अवघड आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एड शीरनवर खटला चालला, मार्विन गे च्या गाण्याच्या कॉर्डांवरून, शीरनने साक्षीला उभं राहून चक्क गिटार वाजवून दाखवली आणि ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा तू मपगध वापरलंस म्हणून कोणी नोटीस पाठवणार नाही, बिनधास्त वापर. चाल मात्र स्वतःची पाहिजे.

आता ह्याची भावंडं, कारण तू अॅनिमे वाजवतोस तर ही भेटणारच. चिनी भावगीतांमध्ये, म्हणजे मँडरिन पॉपच्या संथ गाण्यांत, मपगध तिथे थांबत नाही, पुढे रे-प-सा लागतं. ४५३६२५१, हा आकडा तिकडे गिटार शिकणाऱ्या पोरांना फोन नंबरसारखा पाठ असतो. म प ग ध रे प सा. आता ह्यात ग पासून पुढे बघ, ग-ध-रे-प-सा, वर म्हणालो ती पाच-पाचची उतरण पूर्ण होते आणि शेवटी घर येतं, उशिरा पण येतं. रडून झाल्यावर तोंड धुवून जेवायला बसल्यासारखं. माझं वैयक्तिक मत विचारशील तर हे सात कॉर्ड मला चारांपेक्षा जास्त आवडतात, पण आता बॅलडमध्ये इतके घासले गेलेत की पहिले दोन वाजले की पुढचे पाच आपोआप ऐकू येतात.

कोरियात 'मनी कोड' असा शब्द आहे, पैसे मिळवून देणारे कॉर्ड (तिकडे आणि जपानात कॉर्डला कोडच म्हणतात). त्यात सा-प-ध-म पण येतं आणि पाखेलबेलच्या कॅननचा क्रम पण येतो, सा-प-ध-ग-म-सा-म-प. जपानी निर्माता तेत्सुया कोमुरो ह्याच्या नावाने ध-म-प-सा हा क्रम ओळखला जातो, कोमुरो शिंको, नव्वदच्या दशकात त्याने डान्स-पॉपचा नुसता धुमाकूळ घातला होता. ह्यांच्यावर जास्त लिहीत नाही, वाजवलेस की कळतील.

जास्त लिहावंसं वाटतं ते एका भावंडाबद्दल. ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरच्या १९८० च्या अल्बममध्ये बिल विदर्सने गायलेलं 'जस्ट द टू ऑफ अस' आहे, त्यात म नंतर प येतच नाही, सरळ ग, आणि तो पण मायनर नाही तर ई सेव्हन, मग ध, आणि तिथून जी मायनर सेव्हन, सी सेव्हन असं करत परत म. जपानमध्ये गायिका शीना रिंगोच्या १९९९ च्या 'मारुनोउची सॅडिस्टिक' ह्या गाण्यावरून ह्या क्रमाला 'मारुसा शिंको' म्हणतात, म्हणजे अमेरिकन गाण्याचा क्रम पण तिकडे नाव मिळालं ते जपानी गाण्याचं. गेल्या काही वर्षांत तिकडच्या तरुण पोरांच्या गाण्यांत हा मपगधच्या बरोबरीने ऐकू येतो. ह्यात दोन विकृत सूर येतात, ई सेव्हनमध्ये कोमल ध आणि जी मायनर व सी सेव्हनमध्ये कोमल नी. कोमल ध तीव्र ओढीने शुद्ध ध वर चढतो, कोमल नी खाली ध कडे उतरतो, दोन्ही बाजूंनी ध लाच धक्का. म्हणून तो क्रम हुरहुरीपेक्षा जरा बदमाश, रात्रीचा वाटतो. आणि गंमत बघ, सी सेव्हन म्हणजे सा चाच कॉर्ड, घर आलेलं असतं! पण त्यात कोमल नी घातलाय त्यामुळे घराचं स्टेशन झालं, गाडी दोन मिनिटं थांबून म कडे सुटते.

हे तू मपगधमध्ये पण अर्धं वापरू शकतोस, तिसरा कॉर्ड ई मायनरऐवजी ई सेव्हन. पहिल्या फेरीला मायनर, दुसऱ्या फेरीला सेव्हन, असं केलं की दुसरी फेरी घट्ट होते. एकच धोका, गायकाने त्या जागी प लांब धरलेला असेल तर करू नकोस. शुद्ध प आणि कोमल ध शेजारी शेजारी भांडतात, ऐकणाऱ्याला वाटतं गायक बेसूर झाला, आणि शिव्या गायकाला बसतात, तुला नाही. अजून एक गोड प्रकार म्हणजे दुसऱ्या कॉर्डला डाव्या हाताने म सोडायचाच नाही, वर जी वाजवायचा पण खाली म तसाच, मग ग वर उतरायचं. बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, म-म-ग-ध असा चालतो, म वरून ग ला अर्धा सूर घसरतो आणि पोटात गोळा आल्यासारखं होतं. अॅनिमेच्या गाण्यांत हे पुष्कळ सापडतं, नुसते कॉर्ड बघून कळत नाही, बेसकडे कान द्यावा लागतो.

आता तुझं मराठी गाणं. इथे मी स्वतः तोंडावर पडलेलो आहे ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका भावगीताचं अरेंजिंग करत होतो, छोटा स्टुडिओ, मी हौसेने अंतऱ्याला मपगध लावलं. रिहर्सलला झक्क. रेकॉर्डिंगला तिसऱ्या कॉर्डवर दर वेळी काहीतरी लागायला लागलं, म्हणजे बोचायला, सगळ्यांना कळत होतं पण काय ते कोणी सांगू शकत नव्हतं. मी कीबोर्डचं ट्युनिंग बघितलं, टोन बदलला, गायिकेला ती जागा दहा वेळा घ्यायला लावली (तिने नंतर बरेच महिने माझा फोन उचलला नाही), दोन तास गेले. शेवटी हार्मोनियमवाले काका म्हणाले, "तो तंबोरा बंद करा बघू जरा." गायिकेच्या हेडफोनमध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा सोडलेला होता आणि तो हलकासा मिक्समध्येही होता. बंद केला, काटा निघाला.

कारण काय? ई मायनर म्हणजे ग प नी. त्याच्याखाली तंबोरा सतत सा देतोय. सा ग प नी, म्हणजे तो कॉर्ड ई मायनर राहिलाच नाही, सा चाच मेजर सेव्हन झाला. ज्या क्षणी घर लपवायचं होतं नेमकं त्याच क्षणी तंबोऱ्याने दार सताड उघडलं, आणि वर सा-नी ची घासाघीस. तेव्हा हे कॉर्ड लावायचे तर त्या भागात तंबोरा नाही, स्वरमंडलाचा सा-प झंकार नाही, आणि पॅडमध्ये (कीबोर्डचा मागे लांब चालणारा आवाज) सा दाबून ठेवायची सवय असेल तर तो पण सोडायचा. मुखड्याला हवा तेवढा तंबोरा दे, अंतऱ्याला हळूच काढून घे, कोणाला कळत पण नाही.

तुझ्या सरांच्या तक्रारीचं मूळ जागेत आहे असं मला वाटतं. जपानी गाण्याची बांधणी बघ, आधी ए मेलो, मग बी मेलो (हे सुरुवातीचे दोन भाग), आणि मग 'साबी', म्हणजे त्यांचा कोरस. बरीचशी गाणी साबीला पोचेपर्यंत मिनिटभर घेतात, तोवर सा कुठे आहे हे कानाला पक्कं माहिती झालेलं असतं, मग साबीत ते लपवलं की मजा. आपलं गाणं मुखड्यापासून सुरू होतं! तू मुखड्यालाच मपगध लावलंस तर ऐकणाऱ्याने अजून घर बघितलेलंच नाही, मग त्याला घर लपवलंय हे कळणार कसं, त्याला फक्त भरकटल्यासारखं वाटणार. म्हणून मी मुखडा साधा ठेवतो, सा वर पाय रोवून, आणि मपगध अंतऱ्याच्या पहिल्या दोन ओळींना देतो, आणि अंतऱ्याची शेवटची ओळ जिथे मुखड्याला येऊन मिळते तिथे चिनी लोकांची शेपटी जोडतो, रे-प-सा. केरवा (आठ मात्रांचा ताल) असेल तर चार मात्रांना एक कॉर्ड, दोन आवर्तनांत चार कॉर्ड होतात, मुखड्याची पहिली सम आणि सा बरोबर एकत्र पडतात. तुझे सर खूष होतील बघ.

आणि चाल कुठल्या सुरांवर बांधायची? इथे आपला फायदा आहे. जपानमध्ये मेइजी काळापासून, शाळेतल्या गाण्यांपासून, एक पाच सुरांचं सप्तक रुजलंय, 'योनानुकी' म्हणतात, शब्दशः अर्थ चौथा आणि सातवा काढलेला. सा रे ग प ध. ओळखलंस ना? भूपाचे सूर. (राग भूप नव्हे, चलन-बिलन काही नाही, फक्त सूर.) त्यांची पुष्कळ लोकप्रिय गाणी ह्या पाच सुरांच्या आसपास फिरतात, आणि मपगधवर ते का बसतात ह्याचं उत्तर सरळ आहे. ई मायनरवर सगळ्यात वाईट लागणारा सूर म्हणजे म, ए मायनरवर पण तो खुपतो, आणि भूपात म नाहीच. राहता राहिला सा, तो पहिल्या आणि चौथ्या कॉर्डवर मस्त, पण प आणि ग च्या कॉर्डवर त्याच्यावर मुक्काम करायचा नाही, जाता जाता शिवून जायचं. तिथे रे किंवा प वर मुक्काम कर, हे दोन सूर कुठल्याच कॉर्डवर दगा देत नाहीत. भूपात किंवा देसकारात काहीतरी गुणगुणत बस आणि खाली मपगध फिरव, दहा मिनिटांत एक ओळ सापडते, माझी तरी सापडते.

आपल्याकडे रागाची चाल आणि खाली कॉर्ड हा प्रश्न काही नवीन नाही म्हणा. मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत हा रोज सोडवायचे ते गोव्याचे लोक, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस वगैरे मंडळी, वर गाणं आपलं आणि खाली व्हायोलिनांची हार्मनी. त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाच्या लांब सुराखाली व्हायोलिनं कशी सरकतात ते नीट ऐक, वर जो ग धरायचा प्रयोग सांगितला तोच दिसेल.

एक सावधगिरी. आता तुला मपगध कळलंय तर पुढचे दोन महिने प्रत्येक गाण्यात ते ऐकू येणार, आणि त्यातली निम्मी गाणी ती नसणार. सगळ्यात जास्त फसवतो तो म-प-ध, म्हणजे एफ, जी आणि थेट ए मायनर, मधला ग गायब. तो पण छान आहे पण त्यात दारात येऊन वळणं नाही, सरळ शेजारी जाणं आहे. ओळखायचं कसं, तर कॉर्ड ऐकूच नकोस, बेसबरोबर गा. म, प, आणि मग तुझा आवाज खाली ग ला पडला तर राजमार्ग, वर ध ला चढला तर दुसरं. फोनच्या स्पीकरवर बेस ऐकू येत नाही, हेडफोन लाव. नेटवरच्या कॉर्डशीटवर तर अजिबात विसंबू नकोस, ई मायनर सेव्हन आणि जी ह्यात फक्त खालच्या एका सुराचा फरक आहे, लोक सर्रास चुकीचं लिहितात.

गाण्याचं काय करायचं ते असं, मुखड्यातून हे कॉर्ड काढ, अंतऱ्यात टाक, तिसऱ्या कॉर्डवर चाल सा वर थांबत असेल तर तो सा खाली नी वर आण किंवा वर रे ला ने, आणि फोनवर रेकॉर्ड करून सरांना परत ऐकव. त्यांच्या खोलीत तंबोरा चालू असेल तर आधी तो बंद करायला सांग.